सीटमागची पेटी

१

कसालला हायवेला लागून माझं गाड्यांच्या फिटिंगचं दुकान आहे. सीट कव्हर, हौद्यावर ताडपत्रीच्या कमानी, मागची फळी, कडीकोयंडे, असली कामं. पण आजूबाजूचे ड्रायव्हर माझ्याकडे येतात ते जास्त करून आवाजासाठी. गाडी नवी असो की जुनी, कुठेतरी काहीतरी खडखडत असतं आणि चालवणाऱ्याचं डोकं उठवत असतं. मी गाडीत बसून एक फेरी मारतो, कान देतो आणि सांगतो, डाव्या दाराची काच सैल झालीय, किंवा जॅकचा दांडा पत्र्याला लागतोय. बावीस वर्षांत मी क्वचितच चुकलो असेन. हे फुशारकीसाठी सांगत नाही. पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल की मंगेशला भास झाला, म्हणून सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत, आंगणेवाडीची जत्रा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक पांढरी पिकअप दुकानासमोर येऊन उभी राहिली. हौदा रिकामा, नुकताच धुतल्यासारखा स्वच्छ. मी एका टेम्पोच्या फळीला वेल्डिंग मारत होतो. ते आटपून हात पुसेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ पिकअपचं इंजिन चालूच.

ड्रायव्हर खाली उतरला. साठीच्या आसपासचा, अंगाने सुकलेला, डोळे झोप नसल्यासारखे लाल. सीटवर शेजारी त्याची बायको बसली होती. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता आणि दोन्ही हात त्या डब्यावर होते.

"सीटच्या पाठी बसात अशी एक पेटी व्हयी," तो म्हणाला. "कुलपाची. मजबूत."

"बसवन देतंय. खयसून इलात?"

"मसुऱ्यासून. महादू परब."

"गाडी बंद करा, काका. डिझेल जळता."

"जळू दी," महादूकाका म्हणाले, आणि दुकानात शिरले.

२

पिकअपमध्ये सीटच्या पाठीमागे जॅक-पाना ठेवायची एक अरुंद जागा असते. तिथे बसेल अशी चपटी पेटी हल्ली बरेच जण लावून घेतात. गाडीचे कागद, मोबाइल, बाजाराच्या दिवशी आलेली रक्कम, सगळं नजरेआड राहतं. माझ्याकडे त्या वेळी तीन पेट्या होत्या. एक तयार मिळते ती हलक्या पत्र्याची. दुसरी आकड्यांच्या कुलपाची, दिसायला झकपक. तिसरी मीच बनवलेली, जाड पत्र्याची, आतून बिजागऱ्या, दोन माणसांनी उचलावी लागेल इतकी जड.

मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली. कुलूप कोणतं तुटतं, कोणतं पहारीला दाद देत नाही, बोल्ट कसे आवळायचे. महादूकाका ऐकत नव्हते. त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला, पहिल्या पेटीत टाकला, झाकण लावलं आणि पेटी उचलून कानाशी धरून हलवली.

"भायर येता," ते म्हणाले.

"काय येता?"

"आवाज."

दुसऱ्या पेटीचंही तसंच केलं. तिसरी उचलवेना, तर गुडघ्यावर बसून तिला कान लावला आणि मला म्हणाले, "तू हलव." मी एक बाजू उचलून आपटली. किल्ल्या आत वाजल्या, पण घोंगडीखाली वाजल्यासारख्या.

"हीच. झाकणाक रबर लावशीत?"

"लावतंय. पण काका, पेटी लोक चोरासाठी घेतत. आवाजाचा काय?"

"चोराची माका भीती नाय."

"आत काय ठेवचा आसा?"

"चेडवाचा सोना. लग्नाक केलेला."

मुलीचं सोनं म्हटल्यावर मी आपला सरळ विचार केला आणि म्हटलं, "मगे गाडयेत कित्याक फिरवतास? पतपेढीत लॉकर घेवा. ह्या पेटयेपेक्षा ता बरा."

महादूकाकांनी जुडगा खिशात टाकला. "घेतललो. चार म्हयने थय हुता. मगे तेंनी फोन केल्यानी, येवन घेवन जावा म्हणान."

"कित्याक?"

"कारण सांगूक नाय. थयली बाई माझ्या तोंडाकडे पण बघूक नाय. डबो टेबलार ठेवल्यान आणि भायर जावन उभी रवली."

बाहेर इंजिन घरघरत होतं. मी इतका वेळ ते ऐकत होतो. इंजिन चांगलं होतं, ट्यूनिंग नुकतंच केलेलं. कामाला न लावलेल्या गाडीची कोणी इतकी निगा का ठेवावी, असं मनात आलं.

३

केबिनच्या तळाला भोकं पाडायची तर इंजिन बंद करावं लागतं. खाली वायरिंग असतं, बॅटरीची तारही सोडावी लागते. हे सांगितल्यावर महादूकाकांचा चेहरा पडला. ते घासाघीस केल्यासारखं बोलायला लागले. किती वेळ लागेल, वेल्डिंगवर भागणार नाही का, वरच्या वर दोन स्क्रू मारले तर चालणार नाही का. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

"किल्ली गाडयेतच आसा. तू बंद कर. मी पलीकडे चाय घेतंय. काम झाला की चालू कर, आणि मगेच माका हाक मार. आधी नको."

हायवे ओलांडताना त्यांनी डावीकडे-उजवीकडे पाहिलंसुद्धा नाही. एका ट्रेलरवाल्याने करकचून हॉर्न मारला.

बाई उतरल्या नव्हत्या. मी दार उघडून म्हटलं, "काकी, सीट पुढे करूची लागतली."

त्या डबा पोटाशी धरून उतरल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

हायवेवर मध्येच एखादा क्षण असा येतो की दोन्ही बाजूंनी एकही गाडी नसते. तेव्हा दुकानामागच्या नारळाच्या झावळ्या ऐकू येतात. तसा क्षण आला. झावळ्यांच्या सळसळीच्या आत, अगदी जवळ, बांगड्या किणकिणल्या.

यात काही विशेष नव्हतं. जवळ बाईमाणूस उभं होतं. मी बॅटरीची तार सोडत होतो. पुन्हा किणकिण झाली, हळू, चुलीपाशी कोणी पीठ मळताना होते तशी. मग थांबली. मग पुन्हा.

मी सहज मान वर केली आणि बाईंच्या हातांकडे पाहिलं.

कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि दोन्ही मनगटं मोकळी होती. आमच्याकडे नवरा जिवंत असलेली बाई हातात एक तरी बांगडी ठेवतेच. ते मोकळे हात मला पाहवले नाहीत. त्यांना ते कळलं.

"मी काढलंय," त्या म्हणाल्या. "माझी काकणां तिच्यात मिसळतत. मगे माका कळणा नाय."

"कोणाच्या?"

"तन्वीच्या."

४

त्यांचं नाव तुळसा. बोलताना त्यांनी एकदाही डोळ्यांत पाणी आणलं नाही. बऱ्याच दिवसांत कोणाशी बोलायला मिळालं नव्हतं, एवढंच त्यातून कळत होतं.

त्यांनी डबा सीटवर ठेवून फडकं सोडलं. आत दोन सोन्याच्या पाटल्या होत्या, एक बोरमाळ होती, आणि जुन्या मऊ पंचाच्या तुकड्यात गच्च गुंडाळून गाठ मारलेलं एक पुडकं. पुडक्यातून हिरव्या काचेची कडा दिसत होती.

"चुडो भरललो. दुसऱ्या दिवशी लगीन," त्या म्हणाल्या. "घरात पावणे. सकाळी ओहोटीक ही म्हणता, मी खाडयेर जातंय, मुळे काढून आणतंय. मी म्हटलंय, हातात चुडो आसा, चिखलात खय जातंस? तर म्हणता, आये, हयले शेवटचेच."

मुळे म्हणजे खाडीच्या चिखलातले शिंपले. ओहोटीला बायका-मुली काढायला जातात. त्यात भिण्यासारखं काही नसतं. फक्त भरतीची वेळ चुकवायची नसते.

"एक पण काकण फुटूक नाय हुता. मीच तेल लावन एकेक करून काढलंय."

मी बॅटरीची तार बाजूला वळवून ठेवली. 

"आधी कपाटात ठेवलंव. आवाज येय. मगे तेंनी माळ्यार ठेवल्यानी. थयसूनय येय. तेंका झोप नाय, दिवसाची नाय आणि रातची नाय. मगे एक दिवस गाडयेत ठेवलंव, तर इंजिन चालू आसला की आयकाक येणा नाय. तेव्हापासून आमी फिरतंव. मसुऱ्यासून तळेऱ्याक जातंव, तळेऱ्यासून परत मसुऱ्याक. काजू नाय, आंबे नाय, भाडा नाय. नुसता फिरतंव."

त्यांनी पुडक्यावरून हात फिरवला.

"एक काम करशीत? पेटयेक एक भोक ठेव. माझ्या बाजूक. बारीक."

"काकांनी तर आवाज येवचो नाय म्हणान रबर लावूक सांगल्यानी."

"तेंका झोप व्हयी. माका माझा चेडू व्हया."

मी हायवेपलीकडे पाहिलं. टपरीच्या बाकावर महादूकाका आमच्याकडे पाठ करून बसले होते. गिऱ्हाईक ते होते. पेटी त्यांनी पसंत केली होती, पैसे तेच देणार होते.

"सगळ्या बाजून बंद केलंस, तर ती कशी रवतली?" तुळसाकाकी म्हणाल्या.

मी सहाचं ड्रिल लावलं. तुळसाकाकी बसायच्या त्या बाजूला, सीटच्या पाठीआड, खांद्याच्या उंचीला एक भोक पाडलं आणि कानशीने कडा घासून गुळगुळीत केली. बोट लावून पाहताना त्यांना कापू नये म्हणून.

५

पेटी एकेक बाजू उचलत कशीबशी एकट्यानेच बसवली, चारही बोल्ट आवळले. तुळसाकाकींनी पुडकं डब्यात, डबा पेटीत ठेवला. मी झाकण लावून कुलूप फिरवलं. मग त्या तोंडावर पाणी मारायला दुकानामागच्या नळावर गेल्या. झाकणाला रबरी पट्टी चिकटवायची तेवढी राहिली होती.

मी केबिनमध्ये वाकलेला होतो. बांगड्या पुन्हा वाजल्या.

मी पहिल्यांदा पेटीवर तळवा ठेवला. रस्त्यावरून अवजड गाडी गेली की पत्रा थरथरतो, आतली वस्तू वाजते, हे मला माहीत आहे. पत्रा स्थिर होता. उन्हाने पत्रा फुगतो तेव्हाही आवाज करतो, पण तो टक्‌ असा, एकदाच. आणि चुडा कापडात गच्च गुंडाळलेला होता. काचेला काच लागणंच शक्य नव्हतं. हे सगळं मी स्वतःशी नीट मांडलं, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मांडून होईपर्यंत आवाज चालू होता. तीनदा किणकिण, मग थोडी विश्रांती, मग तीनदा.

मागच्या काचेतून ऊन आत येत होतं. रबर नसल्याने झाकणाच्या फटीतून उन्हाची एक रेघ पेटीत उतरली होती. मी भोकाला डोळा लावला.

आवाज बंद झाला. आपण कोणाच्या खोलीत न विचारता डोकावलो की आतलं माणूस हातातलं काम थांबवतं, तसा.

आधी नुसता अंधार आणि ती रेघ. मग रेघेत हिरवं काहीतरी चमकलं. बांगड्या. त्या डब्यात नव्हत्या, तळाला पडलेल्याही नव्हत्या. एकामागे एक, मध्ये सारखं अंतर ठेवून, त्या उभ्या होत्या. त्यांच्या मधून पलीकडचा पत्रा दिसत होता. बाकी काहीही नव्हतं. मी श्वास सोडला असेन. त्यासरशी त्या सगळ्या एकदम खाली घसरल्या आणि एकमेकींवर येऊन थांबल्या. बाई हात वर करते तेव्हा मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे जातात, अगदी तशा.

मी मागे झालो ते डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

किल्ली माझ्याच हातात होती. मी पेटी उघडली. डबा बंद होता. डब्यात पुडकं होतं, गाठ जशीच्या तशी.

मी रबर चिकटवलं, झाकण लावून कुलूप फिरवलं, तार जोडली आणि इंजिन चालू केलं. मग महादूकाकांना हाक मारली.

६

त्यानंतर ती पिकअप मला रोज दिसायला लागली, की आधीपासूनच जात होती आणि मी पाहत नव्हतो, कोण जाणे. सकाळी तळेऱ्याकडे, दुपारी परत. हौदा रिकामा. महादूकाका समोर बघून गाडी हाकत असायचे. तुळसाकाकी सीटवर जरा तिरक्या, डोकं मागे टेकून. ओठ हलताना मला एकदोनदा दिसले.

मी ते भोक पाडलं हे बरं केलं की वाईट, हा विचार डोक्यातून जात नव्हता. बायको नम्रता म्हणाली, "तू हल्ली गाडीत रेडिओ का लावून बसतोस?" तिला काय सांगणार? सांगितलं असतं तर ती हसली नसती, एवढं खरं. म्हणूनच सांगितलं नाही.

गणपती गेले, आणि गाडी दिसायची बंद झाली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एके दिवशी जेवून दुकानात आलो तर पिकअप दारात उभी होती. आधी मला वेगळं काय आहे ते कळेना. मग कळलं. इंजिन बंद होतं. महादूकाका आत बसले होते, काचा वर करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी दार उघडलं तेव्हा ते दचकले नाहीत.

शेजारची सीट रिकामी होती.

"पेटी काढ," ते म्हणाले. "पाटल्यो देवीक घालतंय."

७

बोल्ट सोडवायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी मला सगळं सांगितलं, मी पाठमोरा होतो म्हणूनच कदाचित.

"पंपार डिझेल भरताना इंजिन बंद करूचा लागता," ते म्हणाले. "तळेऱ्याक मी उतरून लांब जावन उभो रवय. एकदा श्रावणात पाऊस जोराचो हुतो. उतरूक नाय, बसानच रवलंय. तिका वाटला मी उतारलंय. डोळे मिटून त्या भोकाकडे तोंड करून बोलत हुती."

म्हणजे भोक त्यांना माहीत होतं. मी पाना थांबवला.

"चलू दी तुझा काम. माका पयल्या दिवशीच दिसलला. मी काय बोलूक नाय. ती सांगीत हुती, तन्या, मी तुका बघललंय गो. तू हात वर केललंस. माका वाटला, तू माका हात दाखवतंस. मी पण हात केलंय आणि घराकडे इलंय. घरात पावणे हुते."

मी वळून पाहिलं नाही.

"दीड वरसां माका एका शब्दान सांगूक नाय हुता तिना. मी तरी काय केलंय? तेच्यानंतर तिच्याशी बोलाकच नाय. गाडयेत शेजारी बसाची. तळेऱ्याक जाव, परत येव. एक शब्द नाय. महिनोभर."

भादव्यात एका दुपारी ते दोघं घरी पोचले. महादूकाकांनी गाडी अंगणात घेतली आणि महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "उतर." त्या उतरल्या नाहीत. डॉक्टर म्हणाला, दोन तास तरी होऊन गेले असतील. म्हणजे येतानाचा सगळा रस्ता ते एकटेच होते.

"सवाष्ण गेली. वाडीतल्यो बायको हिरवी काकणां घेवन इल्यो भरूक. हात मोकळे हुते ना तिचे. पदर बाजूक केल्यानी, आणि मगे कोणच काय बोलाना. मी भायरसून विचारलंय, काय झाला? तर राधाबाई म्हणता, महादू, हात भरललेच आसत."

मी आता वळलो. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

"तन्वीचो चुडो. तिच्या हाताचा माप बारीक. तुळसाचे हात शेतातले, तेच्यात ती काकणां जावचीच नाय. एक पण फुटूक नाय. काढूक गेले तर निघाली नाय. पेटयेक कुलूप, आणि किल्ली माझ्या करगोट्याक. तशीच नेली तिका."

पेटी सुटली. आम्ही दोघांनी ती खाली उतरवली, त्यांनी किल्ली दिली. डब्यात पाटल्या होत्या, बोरमाळ होती. पंचाच्या तुकड्याची गाठ जशीच्या तशी होती आणि त्याखालचं कापड सपाट पडलं होतं.

"आता गाडी बंद करून बसतंय मी," महादूकाका म्हणाले. "तास तास बसतंय. काय एक आयकाक येणा नाय."

८

पाटल्या फडक्यात बांधून ते निघाले आणि दारापाशी थांबले.

"माझ्यावांगडा घराकडे येशीत? एकट्याक दार उघडूक होणा नाय. पावणे गेल्यापासून तीन दिवस गाडयेतच निजतंय."

मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. गाडी मसुऱ्याकडे निघाली. कापणी झालेल्या शेतांत भाताच्या उडव्या रचल्या होत्या, ऊन तिरपं झालं होतं. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, चिऱ्याचं, वर स्लॅब. अंगणातून खाडीचं पाणी दिसत होतं. भरतीची वेळ होती.

महादूकाका कुलपाशी खटपट करत होते. मी पायरीखाली उभा होतो. तेव्हा मला आतून आवाज आला.

मी लगेच मान्य केलं नाही. शेजारचं घर पाहिलं. ते लांब होतं आणि बंद होतं. गुरांच्या गळ्यातल्या घंटा असतील म्हणून कान दिला. गुरं नव्हती. आवाज घराच्या मागच्या अंगाचा होता, स्वयंपाकघराचा, आणि बांगड्यांचाच होता. दोन बायका एका कामाला बसल्यासारखा. एकीने काहीतरी पुढे करावं, दुसरीने ते घ्यावं. एक किणकिण बारीक आणि भरभर, दुसरी सावकाश. घाई कुणालाच नव्हती. ऐकताना भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त मला त्या घराबाहेर आपण उभे आहोत याची लाज वाटली.

कुलूप निघालं. महादूकाकांनी वळून पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"येता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"दोघींचो?"

"दोघींचो."

त्यांनी चपला पायरीवर काढल्या. इतक्या घाईने काढल्या की एक अंगणात जाऊन पडली. दार ढकलून ते आत शिरले. "तुळसा, तन्या, मी इलंय गो. बाबा इलो."

आवाज थांबला. हळूहळू कमी झाला असं नाही. बायकांच्या बोलण्यात पुरुषमाणूस आला की बोलणं मध्येच बंद पडतं, तसा.

मला त्यांची पावलं ऐकू येत होती. माजघर. स्वयंपाकघर. एक भांडं उचलून ठेवलं. मागचं दार उघडलं, बंद केलं. आतली खोली, कपाटाची दारं. मग पुन्हा स्वयंपाकघर. तिथे ते बराच वेळ उभे होते. एकदा त्यांनी विचारलं, "अगो, काय तरी बोला." इतक्या खालच्या आवाजात की मी ते ऐकायला नको होतं.

ते बाहेर आले आणि पायरीवर बसले. पाटल्यांचं फडकं अजून हातातच होतं.

"काय नाय रे आत," ते म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे, उघड्या दाराच्या आत, बारीक किणकिण पुन्हा सुरू झाली. मग दुसरी तिला येऊन मिळाली.

महादूकाका माझ्याकडे बघत होते. डोळे तसेच लाल, पण लहान मुलासारखे.

"आता?" त्यांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "आता काय नाय."

त्यांनी मान डोलावली. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि यंदा भात कसं झालं, उडव्या किती झाल्या, झोडणीला माणसं मिळाली का, असं काहीबाही विचारायला लागलो. मोठ्याने, माझ्या स्वभावापेक्षा फारच मोठ्याने. ते एकेक शब्दात उत्तर देत होते. दिवेलागण होईपर्यंत मी बोलत राहिलो.